रंग गेला, मीठ राहिलं



आपल्या रेडिओकडे दोन बचत गटांकडून दोन प्रश्न आले आहेत. पहिल्या गटाच्या गावाला वरच्या अंगाला कापड रंगवण्याचे कारखाने आहेत. त्या बायका विचारतात, पूर्वी आमच्या ओढ्याला कधी लाल तर कधी निळं पाणी यायचं, आता स्वच्छ दिसणारं येतं. मग ते भाजीच्या वाफ्यांना आणि गुरांना चालेल का? दुसरा गट घरीच सुती ओढण्या रंगवून बाजारात विकतो. त्यांचा प्रश्न साधा आहे: रंगवून उरलेलं पाणी ओतायचं कुठं?

दोन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच वस्तू बसलेली आहे, ती म्हणजे मीठ. रंगाच्या पाण्यात रंगापेक्षा कितीतरी जास्त मीठ असतं. रंग लगेच डोळ्यांत भरतो, मीठ दिसतच नाही. म्हणून आज रंग आणि मीठ पाण्यातून वेगवेगळे कसे काढतात, आणि एकत्र राहिले तर काय होतं, ते बोलू.

आधी मीठ त्यात येतं कुठून? तर ते मुद्दाम घालावं लागतं. सुती कापड पाण्यात बुडवलं की त्याच्या धाग्यावर अगदी सूक्ष्म असा विजेचा ऋण भार येतो. सुतासाठी आज सर्वांत जास्त वापरतात ते रिअॅक्टिव्ह रंग. घरी रंगवणाऱ्या बायका ज्याला ‘कोल्ड ब्रँड’ रंग म्हणतात, तेही त्यातलेच. त्या रंगाच्या कणांवरही ऋणच भार असतो. दोघांचा भार सारखा, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. रंग पाण्यातच तरंगत राहतो, धाग्याकडे जात नाही. मीठ घातलं की त्यातलं सोडियम मध्ये पडतं, ही ढकलाढकली थांबते आणि रंग कापडाला जाऊन चिकटतो. मग धुण्याचा सोडा घालतात, त्यानं तो पक्का बसतो. म्हणजे मीठ इथं भांडण सोडवणाऱ्या शेजारणीसारखं. काम झालं की ती निघून जाते. मीठसुद्धा कापडात राहत नाही. जेवढं घातलं तेवढं सगळं पाण्याबरोबर बाहेर जातं.

आता किती, ते बघा. एका कारखान्यात १०० किलो सुती कापड गडद रंगात रंगवायचं आहे असं धरू. किलोला ८ लिटर पाणी धरलं तर ८०० लिटर पाणी लागेल. गडद रंगाला लिटरमागे ६० ग्रॅम मीठ सहज लागतं. ६० गुणिले ८००, म्हणजे ४८ किलो मीठ. रंगाची पूड लागेल ३ किलोच्या आसपास. त्यातला तीन चतुर्थांश रंग कापडावर बसला तर पाण्यात उरला पाऊण किलो. मशीन जुनं असेल, पाणी जास्त घेणारं असेल, तर मीठ आणखी वाढलं.

पाऊण किलो रंग आणि ४८ किलो मीठ. ओढ्यावर उभ्या राहिलेल्या बाईला दिसतो तो हा पाऊण किलो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे रंगवण्याच्या टाकीतलं पाणी अरबी समुद्रापेक्षाही खारट. नंतर कापड चार-पाच वेळा खळबळतात, त्या पाण्यात ते मिसळून पातळ होतं हे खरं, पण किलो तेवढेच राहतात.

मीठ न बघता नुसता रंगच बघत राहिलं तर काय होतं, हे तमिळनाडूतल्या तिरुपूरनं भोगलं आहे. तिरुपूर हे बनियन आणि टी-शर्टचं गाव. तिथून जगभर माल जातो. गावाजवळून नोय्याल नावाची नदी वाहते. ती सह्याद्रीच्या डोंगरात कोइमतूरच्या बाजूला उगम पावते आणि पुढं कावेरीला मिळते. तिरुपूरच्या खाली या नदीवर ओरथुपालयम नावाचं धरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून झालं. ते शेतीला पाणी मिळावं म्हणूनच बांधलं होतं. पण वरून शेकडो रंगशाळांचं पाणी नदीत येत होतं, ते येऊन धरणात साठू लागलं. खालच्या शेतकऱ्यांवर वेळ अशी आली की आपल्याच धरणाचं पाणी त्यांना नकोसं झालं.

त्यावर काहीच उपाय झाले नाहीत असं नाही. १९९० च्या दशकातच तिथं सामुदायिक प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. त्यांत पाण्यात चुना आणि हिराकस टाकून रंगाचा गाळ खाली बसवत. वरचं पाणी बऱ्यापैकी निवळलेलं दिसे आणि ते नदीत सोडत. पण त्या पाण्यातलं मीठ जसंच्या तसं होतं. उलट चुना आणि हिराकस यांचे क्षार त्यात वाढलेले. तुरटीनं गढूळ पाणी निवळतं, पण खारी विहीर तुरटीनं गोडी होत नाही, हे आपल्याला घरी ठाऊक असतं. तिथं ते कोट्यवधी रुपये खर्चून व्हायचं होतं.

शेतकरी न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयानं २००६ साली कारखान्यांना सांगितलं की नदीत एक थेंबही सोडायचा नाही, पाणी शुद्ध करून पुन्हा वापरा. ते पुरतं झालं नाही, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये न्यायालयानं तिथल्या रंगशाळा बंद करायला लावल्या. सातशेच्या आसपास रंगशाळा होत्या त्या. रंगाई थांबली की शिलाई थांबते, आणि शिलाईत तर बायकाच जास्त. म्हणजे मिठाचा हिशेब न ठेवल्याचा फटका खालच्या गावातल्या शेतकरणीला बसला आणि वरच्या गावातल्या शिवणकाम करणारीलाही बसला. म्हणूनच ‘कारखाने बंद करा’ एवढं म्हणून प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. पाण्यातलं काय काय वेगळं करता येतं, ते आपल्याला माहीत हवं.

आता वेगळं करण्याकडे येते. घरी चक्का कसा बांधतो? दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी गळतं, चक्का वर राहतो. समजा त्या दह्यात कुणी चुकून मीठ घातलं होतं. मग गळणारं पाणी खारट निघेल आणि चक्काही थोडा खारट राहील. चक्क्यातलं मीठ काढायचं तर त्यात साधं पाणी घालून पुन्हा टांगायचं. असं दोन-तीनदा केलं की मीठ गळून जातं, चक्का राहतो. रंग आणि मीठ वेगळं करायची सगळी युक्ती एवढीच आहे. फडकं मात्र वेगळं लागतं. कारण चक्क्याचे कण तरी मोठे असतात, रंग तर पाण्यात पुरता विरघळलेला असतो. रंगीत पाणी मलमलीतून चार पदर करून गाळा, रंग आरपार जातो.

इथं जे फडकं लागतं त्याला मेम्ब्रेन म्हणतात. मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा. गावात शुद्ध पाण्याचं मशीन असेल, किंवा घरी आरओ असेल, तर हा शब्द तुम्ही दुरुस्तीला येणाऱ्या मुलाच्या तोंडून ऐकला असेल, ‘मेम्ब्रेन बदलावं लागेल’ म्हणून. रंग आणि मीठ वेगळं करायला त्याचाच भाऊ लागतो, थोडा मोठ्या भोकांचा. त्याला नॅनो पडदा म्हणू. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. या पडद्याची भोकं साधारण एवढी असतात. मलमलीच्या भोकापेक्षा लाखभर पटीनं बारीक.

एवढ्या बारीक भोकातून मीठ कसं जातं आणि रंग कसा अडतो? रसायनशास्त्रात कणांची वजनं मोजायचं एक माप आहे. त्या मापानं साध्या मिठाचं वजन ५८ भरतं. रिअॅक्टिव्ह रंगाचा एक कण ६०० ते १००० च्या आसपास भरतो, काही त्याहून जड. ज्वारीचा दाणा आणि शेंगदाणा यांच्यात जेवढा फरक, साधारण तेवढा. ज्वारीच्या मापाच्या चाळणीत शेंगदाणा अडणारच. शिवाय या पडद्यावर बहुतेक वेळा ऋण भार असतो. रंगावरही ऋण, म्हणून पडदा त्याला आणखी मागं ढकलतो. सुरुवातीला जी ढकलाढकली रंगवताना आड येत होती, तीच इथं उपयोगी पडते. रंग शंभरातला अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भाग अलीकडे अडतो आणि साधं मीठ बरंचसं पाण्याबरोबर पलीकडे निघून जातं.

इथं एक खोच आहे, ती सांगते, कारण कारखान्याची माणसं ‘आमच्याकडे मेम्ब्रेन आहे’ एवढंच सांगून मोकळी होतात. रंगकामात दोन प्रकारचं मीठ वापरतात. एक आपलं साधं मीठ. दुसरं ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट. त्यातल्या सल्फेटवर दुप्पट ऋण भार असतो. त्यामुळं पुष्कळसे नॅनो पडदे त्यालाही रंगासारखंच मागं ढकलतात, आणि रंगाबरोबर हे मीठही अलीकडेच अडकून बसतं. तिथं अधिक मोकळा पडदा लागतो. तेव्हा पडदा आहे का, एवढं विचारून भागत नाही. मीठ कोणतं वापरता आणि पडदा त्याला जुळणारा आहे का, हे विचारावं लागतं.

हा पडदा सपाट ताणलेला नसतो. सतरंजीची वळकटी करतो तसा जाळीसकट गुंडाळून नळकांड्यात बसवतात, म्हणजे थोड्या जागेत भरपूर पडदा मावतो. पाणी पंपानं दाब देऊन त्यातून सोडतात. ते पडद्यावर सरळ आदळवत नाहीत, पडद्याला घासून आडवं वाहवतात. चक्क्याच्या फडक्यावर थोड्या वेळानं साय धरल्यासारखं होतं आणि गळणं मंदावतं ना, तसं इथं होऊ नये म्हणून. तरी गाळ धरतोच, तो सोडा आणि सौम्य आम्लानं धुवावा लागतो. आणि आधी कचरा, सूत, तेल हे सगळं काढून घ्यावं लागतं. ब्लिचिंगचं क्लोरीनयुक्त पाणी यात गेलं तर हे पडदे खराब होतात. ही पथ्यं पाळणारं माणूस कारखान्यात नसेल तर लाखांचा पडदा काही महिन्यांत निकामी होतो. यंत्र बसवल्याचा फोटो आणि यंत्र चालू असणं यात फार अंतर असतं.

जाता जाता एक गोष्ट. पाण्यातून मीठ अडवणारा कामाचा पडदा पहिल्यांदा तयार झाला तो अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या शाखेत, १९५९-६० च्या सुमाराला. तो करणारे दोघे होते, सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन. यातले सौरीराजन मूळचे भारतीय. आणि आपल्याकडे गुजरातमध्ये भावनगरला केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था आहे, तिथंही असे पडदे तयार करण्याचं काम अनेक वर्षं चालू आहे. म्हणजे हे काही परक्यांचंच शास्त्र नाही.

मग नुसता आरओ का नाही बसवत? आरओची भोकं इतकी बारीक की रंगही अडतो आणि मीठही अडतं. एका नळीतून गोडं पाणी, दुसऱ्या नळीतून टाकाऊ. त्या टाकाऊ पाण्यात रंग आणि मीठ दोन्ही एकत्र, आणखी दाट होऊन. ते मग आटवावं लागतं, त्याला जळण जातं, आणि शेवटी हाती येतो तो रंग, मीठ, सोडा सगळं मिसळलेला खडा. त्याला कुणी घेत नाही. असे मिश्र मिठाचे ढीग ही रंगशाळांच्या गावांची नवी डोकेदुखी झाली आहे. पावसात भिजले तर ते मीठ पुन्हा ओढ्यातच.

रंग आधी वेगळा काढला, तर उरतं ते स्वच्छ मिठाचं पाणी. रंगशाळेला मीठ लागतंच. तेच पाणी पुढच्या रंगाला वापरता येतं, नवीन मीठ कमी लागतं, आटवण्याचा खर्चही कमी होतो. तिरुपूरला बंदीनंतर जी केंद्रं पुन्हा उभी राहिली, त्यांत असं खारं पाणी रंग काढून पुन्हा रंगकामाला वापरण्याचा मार्ग धरला गेला. ओल्या-सुक्या कचऱ्याचं आपण घरी जे करतो, तेच हे. एकत्र केलं की दोन्ही वाया, वेगळं ठेवलं की एकाचं तरी खत होतं.

अडकलेल्या रंगाचं काय? तो पुन्हा कापडाला लावता येत नाही. रिअॅक्टिव्ह रंगाला धाग्यात अडकायचा एक आकडा असतो म्हणा. पाण्यात सोड्याबरोबर राहिला की तो आकडा वापरला जातो, मग तो रंग नुसता रंगीत दिसतो, धरत नाही. त्यामुळं त्या थोड्याशा दाट रंगीत पाण्याची वेगळी विल्हेवाट लावावीच लागते. ज्या कारखान्यांत रंगाची पूड बनवतात तिथं मात्र उलटं आहे. तिथं रंग हाच माल असतो. पूर्वी त्यात भरमसाट मीठ घालून रंग खाली बसवत. आता तिथं नॅनो पडद्यानं मीठ धुऊन काढतात आणि शुद्ध रंग विकतात. आपल्या चक्क्याची रीत तिथं तंतोतंत चालते.

आता पहिल्या गटाचा प्रश्न. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसतंय, चालेल का? नुसतं बघून हो म्हणू नका. रंग तीन कारणांनी जाऊ शकतो. खरोखर प्रक्रिया झाली असेल. किंवा वरून भरपूर साधं पाणी मिसळून तो फिका केला असेल. किंवा ब्लिचिंगसारखं काही टाकून नुसता उडवला असेल. ब्लिचिंगनं साडीवरचा डाग दिसेनासा होतो तसा रंग दिसेनासा होतो, पण त्याचे तुकडे पाण्यातच राहतात. आणि तिन्ही वेळा मीठ पाण्यात असू शकतं. उकळून ते जात नाही, पाणी आटून उलट जास्त खारट होतं.

शेतीला त्याचं काय होतं ते आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांना सांगायला नको. तिथं क्षारपड जमिनी झाल्या त्या उसाला अतोनात पाणी दिल्यानं. कारण वेगळं, पण गुण तोच. सोडियम काळ्या मातीत शिरलं की माती फुटते, चिकट होते, पाणी मुरत नाही, वाळली की दगडासारखी. चोपण जमीन म्हणतो ती हीच. घेवडा, मिरची, मेथी-कोथिंबीर अशा भाज्या जातात. कुणाला वाटतं बी खराब निघालं. एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, चर, गोडं पाणी आणि काही वर्षं लागतात.

गुरांचं म्हणाल तर, ग्लॉबर सॉल्ट पूर्वी माणसांना जुलाबासाठी देत. पाण्यात ते फार असेल तर गुरांना हगवण लागते आणि बाई चाऱ्याला दोष देत बसते.

तपासायचं कसं? तीन पायऱ्या आहेत आणि पहिली गटाला आजच जमेल. टीडीएस मीटर नावाचं पेनाएवढं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. पाण्यात एकूण विरघळलेलं किती, ते ते दाखवतं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कापड उद्योगातून प्रक्रिया करून नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला २१०० ची मर्यादा आहे. हा २१०० चा आकडा लक्षात ठेवा. स्वस्त मीटर फार खारट पाण्यात आकडा दाखवत नाही. तेव्हा एक वाटी ओढ्याचं पाणी आणि नऊ वाट्या आरओचं पाणी एकत्र करून मोजा आणि आलेल्या आकड्याला दहानं गुणा. अंदाज येतो.

गटाच्या बैठकीत एकदा हा खेळ करून बघा. दोन ग्लास पाणी घ्या. एकात खाण्याच्या रंगाची चिमूट, दुसऱ्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा. कुठलं पाणी वाईट विचारा. सगळ्या रंगीत ग्लासाकडे बोट दाखवतील. मग मीटर बुडवा.

दुसरी पायरी. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीकडे तपासणीची पेटी असते. त्यात क्लोराइड आणि कठीणपणा तपासता येतो. तुमच्या गावच्या त्या पाच जणी कोण, ते ग्रामसेवकाला विचारा. पेटी कपाटात पडली असेल तर बाहेर काढायला लावा. ओढ्याजवळच्या दोन विहिरी आणि लांबची एक, अशा तिन्हींचं पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासा. लांबच्या विहिरीशी तुलना केल्याशिवाय ओढ्याचा दोष सिद्ध होत नाही. आपल्या भागात काही विहिरी मुळातच खाऱ्या असतात.

आकडे वाईट निघाले तर तिसरी पायरी, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून पक्की तपासणी आणि मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज. अर्जात ‘पाणी घाण आहे’ एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, जागा आणि आकडा लिहा. प्रत्येक कारखान्याला मंडळाचं संमतीपत्र असतं, त्यात त्यानं किती आणि कसं पाणी सोडायचं ते लिहिलेलं असतं. त्याची प्रत मागा. बचत गटाच्या बायकांना वही ठेवायची सवय असतेच. हप्त्यांच्या वहीशेजारी ही एक पाण्याची वही.

आता दुसरा गट, ओढण्यावाल्या बायकांचा. तुमच्या बादलीसाठी मेम्ब्रेन नाही, ते परवडणारंही नाही. पण तुमचा हिशेब बघा. एक किलो ओढण्या, वीस लिटर पाणी, लिटरला ५० ग्रॅम मीठ. म्हणजे एक किलो ओढण्यांना एक किलो मीठ. महिन्याला पन्नास किलो माल काढलात तर पन्नास किलो मीठ तुमच्या परसात, आणि विहीर असते वीस पावलांवर. माझं मत विचाराल तर तुम्ही मीठ घालूच नका. वेगळं करण्यापेक्षा न घातलेलं बरं.

मीठ न घालता रंगवता येतं. लिटरला साधारण ५० ग्रॅम धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवा. खाण्याचा सोडा नव्हे, त्यानं रंग नीट धरत नाही. धुतलेलं सुती कापड त्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि घट्ट पिळा. मग कोल्ड ब्रँड रंगाचं दाट पाणी त्यावर ओता किंवा हातानं लावा. पाणी कमी असलं की रंग धाग्याला लागूनच असतो, मग त्याला बोलवायला मीठ लागत नाही. कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा, सुकू देऊ नका. सकाळी आधी थंड पाण्यात खळबळा, मग गरम साबणाच्या पाण्यात. बांधणीसाठी तर ही रीत फारच सोयीची. मोठे कारखानेही अशाच तत्त्वावर थंड मुरवणीची रंगाई करतात. कापडाबरोबर किलोमागे लिटरभर सोड्याचं पाणी जातं, म्हणजे ५० ग्रॅम सोडा. कुठं एक किलो मीठ आणि कुठं ५० ग्रॅम सोडा. उरलेलं सोड्याचं पाणी रंगीत झालं नसेल तर पुढच्या घाण्याला वापरा. एकसारखा सपाट रंग मात्र या रीतीनं यायला हात बसावा लागतो, हेही सांगते. आधी लहान रुमालांवर करून बघा.

सोडा आणि रंग हाताळताना रबरी हातमोजे घाला. रंगाची पूड उडते, ती छातीत गेली तर काहींना दम्यासारखा त्रास लागतो, म्हणून पूड कालवताना नाकातोंडाला मास्क लावा आणि लेकरांना लांब ठेवा. कालवायची भांडी स्वयंपाकात पुन्हा आणू नका.

आणि ज्यांच्याकडे मिठाचं पाणी आधीच साठलं आहे त्यांनी ते परसबागेत, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. उन्हाळ्यात जाड प्लास्टिक अंथरून उथळ वाफा करा, त्यात दोन-तीन बोटं पाणी भरा आणि उन्हात आटू द्या. पावसाच्या आत आवरा. खाली जो रंगीत खडा राहील तो गोणीत बांधून छपराखाली ठेवा आणि कुठं टाकायचा ते ग्रामपंचायतीला लेखी विचारा. आणि एवढं जरूर लक्षात ठेवा, दिसायला मीठ आहे म्हणून तो खडा गुरांपुढं चाटायला ठेवू नका. त्यात सोडा आहे, रंग आहे.

टीडीएस मीटर घेतल्यावर आकडे आले की रेडिओला कळवा, गावाच्या नावासकट नको असतील तर तसं सांगा.